शिबिरावरून आल्यावर बैठक कशी टिकवायची

अरे, इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यना ध्यानाचे १० दिवस काढून आलास, मस्त, पण सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा म्हणतात ते घरी डबा, लोकल, ऑफिस सांभाळून लगेच जमत नाही, म्हणून आधी सकाळची वेळ पक्की धर, दात घासले की थेट बसायचं, मोबाईल दुसऱ्या खोलीत. मन फारच पळत असेल तर शिबिरातल्या पहिल्या ३ दिवसांसारखं नुसतं आनापान कर, म्हणजे येणारा-जाणारा श्वास बघत राहा. "आज नको यार" वाटलं की ते अंगात कुठे जाणवतंय ते बघ, छातीत, पोटात, काहीतरी असतंच, बरेचदा तेवढ्यात लहर ओसरते. आणि उठायच्या आधी आजचं एकच काम ठरव, "फिट व्हायचंय" असलं मोघम नको, "७ ला बूट घालून खाली उतरायचं" एवढंच. बाकीची टार्गेटं महिनाभर राहू दे बाजूला.