२०१४ ची डस्टर डिझेल ठाण्यात सव्वातीन लाखांना मिळते आहे, घ्यावी का? दुरुस्तीला किती खर्च येईल?

९५ हजार किलोमीटर चाललेली ११० पीएस ताकदीची डिझेल आणि रोजचं जाणं-येणं घोडबंदर रोड ते ऐरोली, एवढं तुम्ही लिहिलंय. टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) कधी बदलला ते लिहिलं नाही. भाव बोलायच्या आधी तेच विचारा, आणि तोंडी उत्तर चालवून घेऊ नका, बिल मागा.

रेनॉचं १.५ लिटरचं के९के इंजिन दणकट आहे. वेळेवर ऑइल मिळालं तर दीड-दोन लाख किलोमीटर कुरकुर न करता जातं. पण त्यात टायमिंग चेन नाही, रबरी बेल्ट आहे. चालत्या गाडीत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवावं लागतं आणि बिल पन्नास-साठ हजारांच्या वर जातं. रबर वयानेही कडक होतं, त्यामुळे कमी चाललेल्या गाडीलाही सूट नाही. इथल्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तासन् तास जागेवर चालू असतं आणि मीटरवर ते दिसत नाही. माझ्या मते ८० हजार किलोमीटर किंवा ५ वर्षं, जे आधी होईल तेव्हा तो बदलावा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच समजायचं.

बेल्ट बदलताना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंपही (इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा) नवे घाला. पंप त्याच बेल्टवर फिरतो. तो सहा महिन्यांनी गळायला लागला तर सगळी मजुरी पुन्हा. बाहेरचा अल्टरनेटर-एसीचा बेल्टही त्याच दिवशी नवा टाका, कारण तो फाटला तर त्याचे धागे टायमिंग कव्हरमध्ये शिरून आतला बेल्ट घसरवू शकतात. सगळं मिळून १२ ते १६ हजार. गॅरेजवाल्याकडे कॅम आणि क्रँक (बेल्टने जोडलेले इंजिनचे दोन शाफ्ट) लॉक करायच्या पिना आहेत का ते आधी बघा. खडूने खुणा करून बेल्ट चढवणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

दुसरा मोठा खर्च क्लचचा. ११० पीएसमध्ये साधारण १८०० आरपीएमच्या खाली टर्बोचा (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याचा) जोर नसतो. कासारवडवली ते माजिवड्याच्या रांगेत गाडी सरकवायला ड्रायव्हर हाफ क्लचवर (क्लच अर्धाच सोडून) खेळतो आणि प्लेट जळते. भरीला ११० मध्ये ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे हादरे शोषणारं दोन भागांचं जड चाक) आहे. तो गेला की इंजिन बंद करताना खडखड होते, कमी आरपीएमला उचलताना गाडी थरथरते. क्लच सेट, आतला स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) आणि मजुरी धरून २५ ते ३० हजार; फ्लायव्हीलही बदलायची वेळ आली तर ६० ते ७० हजार. स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत असल्याने तो एकटा गळला तरी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. ओळखायची खूण: क्लच आणि ब्रेक एकाच डब्यातलं ऑइल वापरतात, त्यामुळे चाकापाशी कुठेही गळती नसताना ब्रेक ऑइलची पातळी उतरत असेल तर संशय इथेच घ्यायचा.

क्लच तपासायला मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढा, चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर ठीक. चालूच राहिलं तर प्लेट संपली आहे. एकदाच करा, दोनदा केलं तर उरलेली प्लेटही संपेल!

टर्बोबद्दल लोक उगाच घाबरतात. ओढ कमी, शिट्टीसारखा आवाज आणि काळा धूर ही लक्षणं दिसली की आधी इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाईप तपासायचा. तो चिरतो आणि दोन-चार हजारांत काम होतं. त्यानंतर ईजीआर व्हॉल्व्हची (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेची) काजळी साफ करायची, अडीच-तीन हजार. हे दोन्ही न बघता कोणी थेट टर्बो बदलायला सांगत असेल तर गाडी दुसरीकडे न्या. टर्बो खरंच गेला असेल तर रिकंडिशन २५ हजारांच्या आसपास. त्याचं मूळ बहुतेक वेळा उशिरा बदललेल्या ऑइलमध्ये असतं. मॅन्युअलमध्ये काहीही अंतर लिहिलेलं असो, इथे १० हजार किलोमीटर किंवा वर्ष, याच्या पुढे जाऊ नका.

सस्पेन्शन ही या गाडीची शान, पण खड्डे लिंक रॉड आणि लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश खातातच. स्पीडब्रेकरवर टकटक आली तर लिंक रॉड जोडी दोन-तीन हजार, दोन्ही लोअर आर्म ८ ते १२ हजार. एसीची कूलिंग कॉइल गळत असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, १५ हजार धरा.

पाण्यात गेलेली गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकाला चिखलाचे डाग आहेत का बघा. सीट ज्यावर मागेपुढे सरकते त्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंजही तेच सांगतो. तुमच्या रस्त्यावर विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबतं. तिथे इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका, आत पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतात.

या जुन्या डिझेल डस्टरचं उत्पादन बंद झालं असलं तरी इंजिनचे पार्ट मिळतात. हेच इंजिन निसान टेरानो, सनी आणि रेनॉ लॉजीतही होतं. बंपर, हेडलाईट यांना मात्र थांबावं लागतं. दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचा नियम दिल्ली परिसरापुरता, महाराष्ट्रात तो नाही, त्यामुळे आरसी २०२९ पर्यंत चालेल.

वरचे आकडे बाहेरच्या गॅरेजचे आणि ढोबळ आहेत, वागळे इस्टेट आणि तुर्भे दोन्हीकडे विचारून घ्या. बेल्ट आणि क्लच दोन्हींची बिलं असतील तर तीन लाखांपर्यंत जा. फक्त बेल्टचं असेल तर अडीच. एकही नसेल तर सव्वादोनच्या वर नको, कारण पहिल्याच वर्षी लाखभर रुपये गॅरेजला द्यावे लागतील.