बोटीवर धपाटे चालतात का?

प्रश्न : ताई, आम्ही दोघं पहिल्यांदाच मुंबईहून क्रूझवर चाललोय, ह्यांना लातूरच्या एसटीतबी मळमळतं. खोली कोणती घ्यावी? आणि सोबत धपाटे नेले तर चालतील का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : अहो, मळमळीचा त्रास असला तर खोली खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मधोमध घ्या, तिथं हलणं सगळ्यात कमी जाणवतं, बाल्कनीच्या नादात वर आणि पार टोकाला गेलात तर ह्यांचं काही खरं नाही. गोळी डॉक्टरला विचारून आधीच घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर काय उपयोग.

धपाटे मुंबईला येताना देवगिरी एक्सप्रेसमध्येच संपवा. घरी शिजवलेलं बहुतेक बोटींवर नेऊ देत नाहीत. मी पहिल्या वेळी शेंगदाण्याची चटणी स्टीलच्या डब्यात नेली होती, तपासणीत ठेवून घेतली, सीलबंद पाकीट असतं तर कदाचित वाचली असती.

एक गोष्ट मात्र विसरू नका, मोठी बॅग धक्क्यावरच घेतात आणि खोलीत यायला कधी कधी संध्याकाळ होते, म्हणून बीपीच्या गोळ्या, ओळखपत्र, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत पाहिजेत. किनारा सुटला की मोबाईल फ्लाईट मोडवर, नाहीतर बोटीचं नेटवर्क पकडून असं बिल येतं की क्रूझ स्वस्त वाटावी. जेवण पॅकेजात असतं पण कोल्ड्रिंकचे पैसे बऱ्याचदा वेगळे, कार्ड टेकवायच्या आधी विचारा. आणि लाईफ जॅकेटची ड्रिल सगळ्यांनाच सक्तीची, झोपून राहू नका.