‘तप्तबिंदू’ तापलेला असतोच असे नाही

विज्ञानलेखाचे मराठी भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने आपले एक वाक्य तपासायला दिले आहे: ‘सोन्याच्या दोन नॅनोकणांमधील तप्तबिंदूपाशी असलेल्या रेणूंचे तापमान पृष्ठवर्धित रामन वर्णपटविज्ञानाने मोजले.’ (रेणूंवरून विखुरताना, म्हणजे प्रकीर्णनात, थोड्या प्रकाशाची ऊर्जा बदलते. हे रामन प्रकीर्णन, आणि त्याच्या वर्णपटावरून रेणूंचा अभ्यास करणे म्हणजे रामन वर्णपटविज्ञान.) वाचकाच्या शंका दोन आहेत. ‘हॉटस्पॉट’ला ‘तप्तबिंदू’ म्हणावे का, आणि ‘पृष्ठवर्धित’ वाचून पृष्ठभागच वाढवला असे कोणाला वाटेल का?

दुसरी शंका आधी घेतो. ‘मानवनिर्मित तलाव’ म्हटल्यावर तलाव माणसाने निर्माण केला हे आपल्याला कळते. निर्मिती माणसाची झाली असे कोणी समजत नाही. ‘पृष्ठवर्धित’ हा तसाच तृतीया तत्पुरुष आहे: पृष्ठाने वाढवलेले. पृष्ठच वाढले असे सांगायचे असते तर ‘जितेंद्रिय’च्या चालीवर ‘वर्धितपृष्ठ’ असा बहुव्रीही करावा लागला असता. व्याकरण असे स्वच्छ असले तरी वाचकाची शंका अगदीच अनाठायी नाही, कारण हा परिणाम ज्यांना प्रथम दिसला त्यांचीही समजूत तीच झाली होती. १९७४ साली साउथॅम्प्टन येथे फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड मुद्दाम खडबडीत केला आणि त्यावर चिकटलेल्या पिरिडीनच्या रेणूंकडून रामन प्रकीर्णनाचा जोरदार संकेत मिळवला. खडबडीतपणामुळे पृष्ठफळ वाढले, म्हणून जास्त रेणू बसले, असा त्यांचा हिशेब होता. संकेतातली लाखो पटींची वाढ जादा रेणूंच्या खात्यावर टाकता येत नाही, हे १९७७ साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. वाढ पृष्ठाची नव्हती, पृष्ठामुळे होती. फक्त ‘वर्धित’ हे विशेषण कशाला लावायचे ते पाहावे: वर्णपटविज्ञान वाढत नाही, प्रकीर्णन वाढते. म्हणून ‘पृष्ठवर्धित रामन प्रकीर्णन’ हे मूळ नाव ठेवून पुढे ‘त्याच्या वर्णपटावरून’ असे लिहिले की अर्थ जागेवर बसतो.

आता ‘तप्तबिंदू’. ‘तप्त’ हे ‘तप्’ धातूचे भूतकालवाचक विशेषण, म्हणजे सरळ मराठीत तापलेला. ज्वालामुखींच्या संदर्भात ‘हॉटस्पॉट’ला हा शब्द शोभतो, कारण तिथे खरोखर उष्णता असते. रामन प्रकीर्णनाच्या संदर्भात मात्र हॉटस्पॉट म्हणजे प्रकाशाचे विद्युतक्षेत्र कमालीचे एकवटते ती जागा. दोन धातुकण एक-दोन नॅनोमीटर अंतरावर आले की लेसरच्या प्रकाशाने त्यांतले मोकळे इलेक्ट्रॉन एका ठेक्यात झुलू लागतात आणि मधल्या फटीत क्षेत्र तीव्र होते. संकेत साधारणपणे या क्षेत्राच्या चौथ्या घाताने वाढतो. क्षेत्र दहापट झाले तर संकेत दहा हजार पट.

एरवी हे भाषांतर कोणाच्या डोळ्यांत खुपलेही नसते, पण लेखाचा विषयच तापमान असताना ‘तप्त’ लिहिणे म्हणजे जे मोजून ठरवायचे ते नावातच आधी सांगून टाकणे होय. लेसरमुळे कण तापतात हे खरे. परंतु सोने उष्णतेचे उत्तम वाहक असल्याने एका कणाचे तापमान जवळपास सर्वत्र सारखेच राहते, तर विद्युतक्षेत्र मात्र दोन-चार नॅनोमीटरच्या आत झपाट्याने ओसरते. क्षेत्राचा नकाशा आणि तापमानाचा नकाशा एकमेकांवर ठेवले तर ते जुळणार नाहीत. माझी पसंती ‘प्रखरस्थान’ला आहे. ‘प्रखर’ शब्दाला उन्हाची थोडी धग आहे हे मान्य, पण आपण ‘प्रखर दिवा’ म्हणतो तेव्हा मनात तेजच असते. शिवाय फटीला काही रुंदी असल्याने ‘बिंदू’पेक्षा ‘स्थान’ बरे. हे रुचत नसेल तर ‘हॉटस्पॉट’ तसाच ठेवावा; तो मराठीत रुळलेला आहे.

वाचकाने न विचारलेला एक शब्दही मला थोडा अडतो, तो म्हणजे ‘मोजले’. प्रकीर्ण प्रकाशात मूळ प्रकाशापेक्षा कमी ऊर्जेच्या स्टोक्स रेषा असतात आणि जास्त ऊर्जेच्या अँटीस्टोक्स रेषा असतात. अँटीस्टोक्स रेषा आधीपासून कंप पावणाऱ्या रेणूंकडून येते. दर सेंटीमीटरला १००० इतकी तरंगसंख्या (एका सेंटीमीटरमध्ये बसणाऱ्या तरंगांची संख्या; ती जितकी जास्त तितकी ऊर्जा जास्त) असलेले कंपन घेतले, तर ३०० केल्विनला पहिल्या उत्तेजित अवस्थेतल्या रेणूंची संख्या तळाच्या अवस्थेतल्यांच्या सुमारे ०.८ टक्के असते. ४०० केल्विनला ती सुमारे २.७ टक्के होते. मोजली जाते ती दोन रेषांची तीव्रता, आणि त्यांच्या गुणोत्तरावरून, कोणत्या तापमानाला किती रेणू उत्तेजित अवस्थेत असतील हे सांगणाऱ्या बोल्ट्समन यांच्या सूत्राने, तापमान निघते. त्यातही धातूची रचना दोन्ही रेषांना सारख्याच पटीने वाढवत नाही, त्यामुळे ती दुरुस्ती केली नाही तर उत्तर चुकते. तीव्र लेसर स्वतःच रेणूंना कंपित करत असेल तर हाती येणारा आकडा त्या कंपनाचा असतो, धातूचा असेलच असे नाही. क्षेत्रफळ आणि सरासरी आपण ‘काढतो’. इथेही तेच क्रियापद योग्य, कारण त्यात मधला हिशेब गृहीत असतो. तापमापीने तापमान ‘मोजणे’ चूक नाही. तिथला हिशेब काचेवर आधीच कोरून ठेवलेला असतो.

तेव्हा वाक्य असे करावे: ‘सोन्याच्या दोन नॅनोकणांमधील प्रखरस्थानी असलेल्या रेणूंचे तापमान पृष्ठवर्धित रामन प्रकीर्णनाच्या वर्णपटावरून काढले.’