नायट्रोजनमध्येही संकेत येत असेल, तर लेझर बदलण्याआधी

आपण प्रकाशध्वनी (फोटोअकूस्टिक) पद्धतीने, म्हणजे लेझरच्या प्रकाशाने वायूत उमटणारा ध्वनी ऐकून, मिथेन मोजता. पण वायूच्या कोष्ठात मिथेन नसलेला शुद्ध नायट्रोजन भरला तरी मायक्रोफोनवर संकेत उमटतो आणि हवेतील मिथेनचे तेच प्रमाण दमट दिवशी निराळे दिसते. अशा वेळी अधिक शक्तीचा लेझर घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते घेऊ नये, निदान इतक्यात तरी नाही.

वायूने शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते आणि प्रकाश ठरावीक तालात कमीजास्त केल्यास दाबही त्याच तालात बदलून ध्वनी निर्माण होतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी हा परिणाम १८८० मध्ये नोंदवला. लेझरची शक्ती दुप्पट केली की संकेत दुप्पट होतो हे खरे, परंतु कोष्ठाच्या खिडक्यांनी आणि ध्वनी घुमवणाऱ्या आतल्या नळीच्या भिंतींनी शोषलेल्या प्रकाशाचा ध्वनीही दुप्पट होतो, आणि आपली अडचण नेमकी तीच दिसते. नायट्रोजन भरलेला असताना लेझर मिथेनच्या शोषणरेषेपासून (मिथेन ज्या अरुंद तरंगलांबीवर प्रकाश शोषतो तिच्यापासून) थोडा बाजूला सरकवून पाहा; संकेत जवळपास तेवढाच राहिला, तर तो वायूचा नव्हे. त्यावर उपाय म्हणजे किरण भिंतीला न घासता मधोमध जाईल अशी जुळणी करणे आणि तीव्रतेऐवजी तरंगलांबी नळीच्या अनुनादाच्या (नळी ज्या वारंवारतेला सर्वांत जोरात घुमते तिच्या) निम्म्या वारंवारतेने हलवून दुसऱ्या संनादीवर, म्हणजे त्याच्या दुप्पट वारंवारतेवर, मोजणे, कारण काचेचे शोषण एवढ्या अरुंद पट्ट्यात फारसे बदलत नाही.

दमटपणाचे कारण वेगळे आहे. मिथेनची कंपनऊर्जा हवेतील ऑक्सिजनकडे जाते आणि तेथे रेंगाळते. बाष्प ती लवकर उष्णतेत उतरवते, म्हणून संकेत वाढतो. राइस विद्यापीठातील गटाने २००२ मध्ये मायक्रोफोनऐवजी घड्याळातला ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) वापरला. त्याला बाहेरचा गोंगाट जवळपास ऐकू येत नाही, पण इतक्या जलद तालात ऊर्जा उष्णतेत उतरण्याचा हा विलंब अधिकच भोवतो. तेव्हा आर्द्रता स्थिर ठेवावी किंवा सोबत मोजून दुरुस्ती करावी. प्रमाणित वायू (उपकरण जुळवण्यासाठीचा, मिथेनचे प्रमाण ठाऊक असलेला) कोरडा वापरून नमुना दमट मोजणे मात्र टाळावे.

तापमानही पाहा. दोन्ही टोकांना उघडी असलेली १० सेंटीमीटरची नळी सुमारे १.७ किलोहर्ट्झला अनुनाद देते आणि १० अंशांच्या वाढीने तो अंदाजे ३० हर्ट्झ सरकतो.

एवढे करूनही संवेदनशीलता अपुरी वाटली आणि आपण १.६५ मायक्रोमीटर तरंगलांबीवर काम करत असाल, तर ३.३ मायक्रोमीटरचा लेझर पाहा. तेथे मिथेनचे शोषण सुमारे शंभरपट आहे.