छातीवरचं केलॉईड आणि मे महिन्यातलं लग्न

प्रश्न : माझं वय २७. राहते भांडुपला, नोकरी फोर्टला. तीन वर्षांपूर्वी छातीच्या मध्यावर पुळी आली होती, ती मी फोडली. तिथे टणक गाठ झाली आणि आता ती खेकड्याच्या नांगीसारखी दोन्ही बाजूंना पसरली आहे. रात्री खाज सुटते, बॅगेचा पट्टा घासला तरी टोचतं. चार महिन्यांनी, मे महिन्यात लग्न आहे. एका क्लिनिकमध्ये ‘लेसरची सहा सिटिंग, केलॉईड कायमचं नाहीसं’ असं सांगून आगाऊ पैसे मागितलेत. घरचे म्हणतात, कापून टाक. काय करू? शिवाय सासूबाईंच्या हौसेखातर बुगडीसाठी कान टोचायचा आहे. तो टोचू का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : पैसे दिले नसतील तर देऊ नका. केलॉईड कायमचं जाईल अशी हमी मी माझ्या एकाही रुग्णाला आजवर दिलेली नाही, कारण ती देताच येत नाही. पण म्हणून लेसर कुचकामी आहे असंही नाही.

तुम्ही नांगी म्हणालात ते अगदी बरोबर. १८०६ मध्ये आलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं आणि पुढे ‘केलॉईड’ हे नाव रूढ झालं, तेही खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. साधा जाड वण जखमेच्या हद्दीत राहतो आणि बहुधा सावकाश बसतो. केलॉईड हद्द ओलांडून चांगल्या कातडीत शिरतं. जखम भरून आली तरी तिथे कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन, तयार होतच राहतं. त्यात छातीची कातडी सतत ताणलेली. लोकलमध्ये वरची कडी धरलीत तरी ती ओढली जाते, आणि हा ताण केलॉईडला पोसतो.

म्हणूनच नुसतं कापायचं नाही. नुसतं कापलेलं केलॉईड ४५ ते १०० टक्के वेळा परत येतं, आणि लेसरने कापलं तरी तेच. कानाच्या पाळीवरचं बोराएवढं केलॉईड दुसरीकडे कापून घेतलेली लालबागची एक मुलगी वर्षभराने माझ्याकडे आली तेव्हा ते लिंबाएवढं झालं होतं. तिच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. कापल्यानंतर लगेच इंजेक्शनं किंवा रेडिएशन दिलं असतं तर ते परत येण्याची शक्यता बरीच कमी झाली असती, पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तुमच्या उपचाराचा कणा म्हणजे ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन. ते थेट गाठीत, साधारण तीन-चार आठवड्यांनी देतात. दुखतं, हे लपवत नाही. गाठ इतकी घट्ट असते की पहिल्या खेपांना औषध आत सरकत नाही. पण खाज बहुधा सर्वांत आधी कमी होते. आजूबाजूची कातडी पातळ किंवा पांढरी पडू शकते, मासिक पाळी मागेपुढे होऊ शकते. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

लेसर या इंजेक्शनाच्या जोडीला. ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा पल्स्ड डाय लेसर गाठीतल्या रक्तवाहिन्यांवर काम करतो, त्याने लाली आणि खाज घटते. मात्र आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्यही तो प्रकाश शोषतं, त्यामुळे भाजण्याचा आणि डाग पडण्याचा धोका राहतो. त्या मानाने १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर आपल्याला सोसतो. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर गाठीत सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं पाडतो, त्यावर लगेच औषध सोडलं की ते आत उतरतं. गाठ मऊ होते, बसते. खूण राहते. क्लिनिकमध्ये मशीन कुठलं, ते चालवणार कोण, आधी छोट्या जागी चाचणी घेणार का, हे विचारा. चालवणारे त्वचारोगतज्ज्ञ नसतील तर उठून या.

खर्चाची चिंता असेल तर केईएम, नायर किंवा सायन रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा. आता सुरुवात केलीत तर मेपर्यंत खाज थांबणं आणि गाठ थोडी बसणं, एवढी अपेक्षा रास्त आहे. लग्नाआधीच्या महिन्यात लेसर नको, खपल्या आणि काळे डाग राहू शकतात. सिलिकॉनची पट्टी दिवसाला किमान बारा तास लावा. आपल्या घामात पुरळ येतं, म्हणून रोज काढून, जागा धुऊन कोरडी करून पुन्हा चिकटवा. हळदीला त्या जागी कुणाला चोळू देऊ नका. मंगळसूत्राच्या वाट्या नेमक्या गाठीवर येणार नाहीत इतकी त्याची लांबी ठेवा.

बुगडीसाठी कान टोचू नका. एकदा केलॉईड झालेल्या कातडीला दुसरी जखम मुद्दाम करायची नसते, आणि कानाचा तो भाग तर केलॉईडच्या आवडत्या जागांपैकी आहे. सासूबाईंना हे पत्रच वाचायला द्या. दादरला रानडे रोडवर दाबून बसवायच्या बुगड्या मिळतात, मोत्यांच्यासुद्धा. त्यांनाच सोबत घेऊन जा, त्यांच्या पसंतीची घ्या.