क्वायरमध्ये गाते, पण आतून कोरडी

ऐरोलीहून एकीचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "ताई, मार्चमध्ये पप्पा गेले. रोज रात्री जेवणं झाली की ते मोठ्याने बायबल वाचायचे. आता आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार आठवडे, सुरू झालाय, मी चर्चच्या क्वायरमध्ये आहे, कॅरल म्हणत घरोघरी फिरते, पण आत काहीच हलत नाही. प्रार्थनेला डोळे मिटले की ऑफिसचं काम दिसतं. सासूबाई म्हणतात उपास कर, प्रार्थना वाढव. मी ढोंगी आहे का?"

अगं, ढोंगी माणूस असं पत्र लिहीत बसत नाही.

सासूबाईंचं मन चांगलंय, पण जे आत्ता थोडंसुद्धा जमत नाहीये तेच डबल करायचं हे मला काही पटलं नाही. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात नाताळची गोष्ट सुरू कुठून होते बघ, म्हाताऱ्या जखऱ्यापासून. चांगला याजक, मंदिरात धूप जाळायला गेलेला म्हणजे अगदी ड्युटीवर, आणि देवदूत समोर उभा राहून सांगतो तुला मुलगा होणार तरी ह्याचा विश्वास बसत नाही, मग वाचाच गेली, बाळाचं नाव ठेवायच्या दिवसापर्यंत गप्प. पण बाळ झालं ना! दिलेला शब्द देवाने मागे घेतला नाही. तू तर निदान गातेस.

आता करायचं काय. लूकचे अध्याय २४, आणि नाताळच्या आदल्या दिवसाची तारीखही २४. डिसेंबरात रोज त्या तारखेचा अध्याय वाच, मागचे राहिले तर राहू देत. मोबाईलवर नको, माहेरहून पप्पांचंच बायबल आण, त्यात त्यांच्या पेन्सिलच्या खुणा असतील. रात्री ओटा पुसून झाला की तिथेच एक मेणबत्ती लावून मोठ्याने वाच, नवरा ऐकेल नाहीतर झोपेल. पहिला अध्याय ८० वचनांचा आहे, दमलीस तर अर्ध्यात थांब.

मेणबत्तीचं म्हणशील तर आगमनकाळात लावतात ते मेणबत्त्यांचं चक्र १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाच्या पाळकाने केलं, त्याच्याकडची गरीब मुलं रोज विचारायची नाताळ कधी म्हणून त्याने गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोज एक छोटी, रविवारी मोठी. धीर न धरणाऱ्या पोरांसाठी होतं ते, संतांसाठी नाही.

आणि एखाद्या रविवारी गावंसं वाटलं नाही तर क्वायरला सांग आणि मागच्या बाकावर बस, रडू आलं तर येऊ दे. झोप आणि भूकच उडाली असेल तर मात्र डॉक्टरकडे जा, त्यात विश्वास कमी असण्याचा काही संबंध नाही.

२४ तारखेला घरात करंज्यांचा घाट असेल, रात्रीच्या उपासनेची घाई, कोणाची तरी साडी इस्त्रीला अडकलेली. नेमका त्या दिवशी येतो चोविसावा अध्याय, बायका सुगंधी द्रव्यं घेऊन पहाटे येशूच्या कबरीकडे निघाल्यात तो. तो वाचलास की मला कळव.