गप्प बसलेल्याचं काय समजायचं?

प्रश्न : ताई, मी इंदुरात एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगची टीम सांभाळते. आम्ही नऊ जण. चौघं विजयनगरच्या ऑफिसात बसतो, बाकीचे देवास, ग्वाल्हेर, नागपूर आणि पुण्याला आपापल्या घरी. ग्वाल्हेरचा मुलगा मीटिंगमध्ये कॅमेरा लावत नाही, मेसेजला उत्तर तास-दोन तासांनी देतो. काम मात्र वेळेवर येतं. ऑफिसातली मंडळी म्हणतात, घरून काम करणाऱ्यांची चैन आहे. मागे रिलीजची, म्हणजे सॉफ्टवेअर बाहेर पडायची, तारीख बदलली ते घरच्यांना उशिरा कळलं, त्यावरून वादही झाला. आता सर म्हणताहेत, दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर सगळ्यांच्या लॅपटॉपवर टाकू. शुक्रवारी मी ऑनलाइन अंताक्षरी ठेवली, तर तिघंच आले. टीममध्ये आपलेपणा आणि विश्वास आणायचा कसा?
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : काम वेळेवर येतं, असं तुम्हीच लिहिलंय. मग तक्रार उरते ती त्याच्या गप्प बसण्याची. ऑफिसात शेजारचा माणूस गप्प असला तर तो कामात मान घालून बसलाय, की फोनवर आहे, की आज त्याला बरं नाही, हे डोळ्यांना दिसतं. ग्वाल्हेरच्या माणसाचं काहीच दिसत नाही, म्हणून आपण मनानेच काहीतरी धरून चालतो, आणि ते बहुतेक वेळा वाईटच असतं. कॅथरीन क्रॅम्टन या अभ्यासिकेने दूरदूरच्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या टीम एकत्र काम करताना पाहिल्या आणि २००१ साली हेच मांडलं. उत्तर आलं नाही म्हणजे होकार, नकार, की मेल पोचलीच नाही, हे समोरच्याला कळत नव्हतं. आणि अडचण परिस्थितीची असली तरी बोल माणसाच्या स्वभावाला लागत होता.

आपल्या गावचंच घ्या ना. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, येते, इंदूरला सुट्टी असते. पुण्यात तो रोजच्यासारखा कामाचा दिवस. त्या दिवशी पुण्याहून आलेल्या मेसेजला इकडून कोणीच उत्तर दिलं नाही, तर तिथला माणूस तुमच्याबद्दल काय समजेल?

म्हणून आधी सगळ्यांनी बसून उत्तरांची रीत ठरवा. तातडीचं असेल तर सरळ फोन. बाकीच्या मेसेजला दोन तासांच्या आत दोन ओळी: "फाइल मिळाली. आत्ता लॉगिनमधल्या चुकीवर (बगवर) आहे, चारपर्यंत बघून सांगतो." चारपर्यंत जमत नाही असं दिसलं तर साडेतीनलाच कळवायचं. सुट्टी, लाइट जाणं, मुलाला शाळेतून आणायची वेळ, हे सगळ्यांच्या कॅलेंडरात आधीच दिसू द्या. मी निम्मी ऑफिसात आणि निम्मी घरी अशा टीम सांभाळल्या आहेत. तिथे विश्वास बसला तो यावरच: सांगितलेली वेळ पाळली जायची, आणि पाळता येणार नसली तर ते आधी कळायचं. सुरुवात तुमच्यापासून व्हायला हवी. टीम लीडच दिवसभर उत्तर देत नसेल तर बाकीच्यांना सांगून काही होणार नाही.

आता ऑफिसातल्या चौघांबद्दल, आणि इथे थोडं कडक बोलते. रिलीजच्या वेळचा वाद घरच्यांमुळे झाला नाही. तारीख ऑफिसात, कदाचित चहाच्या टपरीवर, ठरली आणि पाच जणांना मागाहून कळली. ज्यांना सगळं ठरल्यावरच कळतं ते मीटिंगमध्ये कशाला बोलतील? टपरीवर खुशाल बोला, पण काय ठरलं, का ठरलं आणि कोण करणार, हे त्याच दिवशी सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लिहा. गिटलॅब ही कंपनी आपली कामाची रीत अशीच लिहून ठेवते, अगदी बाहेरच्यांनाही वाचता येईल अशी. आणि मीटिंगला एक जण जरी घरून असला तरी ऑफिसातल्यांनीही आपापल्या लॅपटॉपवरूनच यायचं. खोलीत चौघं आपसात हसताहेत आणि पडद्यावरच्या पाचांना कशावरून ते कळत नाही, असं रोज होत राहिलं तर अंताक्षरीला तिघंच येणार.

कॅमेऱ्याची सक्ती नको. त्या मुलाला मीटिंगबाहेर एकदा फोन करा. "कॅमेरा का लावत नाहीस?" असं विचारू नका. "कामाला बसतोस कुठे?" असं विचारा. दोन खोल्यांचं घर असेल, मागे आजी झोपलेली असेल, व्हिडिओ लावला की नेट अडकत असेल. त्याने काही सांगितलं नाही तरी चालेल.

सॉफ्टवेअरला मात्र नाही म्हणा, स्पष्ट नाही. स्क्रीनच्या फोटोत माउस हललेला कळतो, बग सापडला का ते कळत नाही. टेस्टर काय काय तपासायचं ते वहीत मांडत बसला असेल तर फोटोत तो रिकामटेकडा दिसणार. सरांची धास्ती मला समजते, ती त्यांची एकट्याची नाही. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ११ देशांतल्या २०,००० लोकांना विचारलं तेव्हा ८७ टक्के कर्मचारी म्हणाले, आमचं काम चांगलं चाललंय. ८५ टक्के वरिष्ठ म्हणाले, नव्या पद्धतीत तशी खात्री वाटणं अवघड झालंय. ही खात्री त्यांना तुम्ही द्या. दर शुक्रवारी एक पान: काय तपासलं, कोणते मोठे बग सापडले, काय अडलंय. बगची संख्या माणसागणिक मोजू नका, नाहीतर सगळे किरकोळ बग गोळा करत बसतील.

आणि त्या सॉफ्टवेअरचे पैसे वाचतील त्यात सगळ्यांना वर्षातून एक-दोनदा इंदूरला बोलवा. वर्डप्रेस डॉट कॉमवाली ऑटोमॅटिक ही कंपनी पहिल्यापासून जगभर विखुरलेल्या माणसांवर चालते, तरी ती माणसांना मुद्दाम एकत्र आणते. दिवसा पुढच्या कामाची आखणी करा, रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला न्या. गप्पा तिथे आपोआप होतील.

प्रश्न : मी २३ वर्षांचा, राहतो राजेंद्रनगरला, कंपनी बेंगळुरूची. चार महिने घरूनच काम करतोय. काम चांगलं आहे, पण मला तिथे कोणी ओळखतच नाही. प्रमोशनच्या वेळी माझं नाव कोणाला आठवेल?

उत्तर : तुझी काळजी रास्त आहे. सीट्रिप या चिनी कंपनीच्या शांघायच्या कॉल सेंटरमध्ये २०१०-११ साली नऊ महिने प्रयोग झाला. आठवड्यातले चार दिवस घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, पण कामाच्या मानाने बढती मात्र त्यांना कमी मिळाली. तेव्हा मॅनेजरकडून आठवड्याला पंधरा मिनिटं मागून घे आणि त्यात केलेलं काम स्वतःच्या तोंडाने सांग, लाजू नको. अडलं तर एकाच कोणाला खाजगीत विचारण्याऐवजी टीमच्या ग्रुपवर विचार, म्हणजे चार जणांना तू काय करतोस ते कळेल. आणि पहिल्या वर्षात दोन आठवडे तिथल्या ऑफिसात बसायला मिळतील का, ते या महिन्यातच विचार. येण्या-जाण्याचा खर्च कंपनी देते का, हेही त्याच मेलमध्ये लिही.